चोवीस आणि धूळ

“दिसलं तेवढंच सांग, प्रभा. दिसावंसं वाटलं ते सांगू नकोस.”

आप्पा दरवेळी हे म्हणायचे. माळावर पोचलो, की मी माझ्या ठरलेल्या दगडावरच्या मुंग्या पदराच्या टोकानं हलकेच बाजूला करून बसायची आणि दोन वाट्या पुढ्यात घ्यायची. एकीत पंचवीस चिंचोके, दुसरी रिकामी. तबकडी फुटली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. चुकली की तो जमिनीवर. एवढंच माझं काम. पण ते वाक्य बोलल्याशिवाय आप्पांना बंदुकीत काडतूस घालता येत नसे, जसा मला सकाळी देवळात दिवसाचा नियम घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेता येत नाही.

त्या दिवशीही ते तसंच म्हणाले. फक्त थोडं हळू.

याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. आप्पा म्हणजे माझे सासरे, देवगोंडा मगदूम. गाव वारणेकाठचं, खाली सगळा ऊस आणि वर माळ. माळाच्या टोकाला दगडाची एक बंद पडलेली खाण होती. आमचं घर जैनांचं. दिवस मावळल्यावर चूल नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही, जाणूनबुजून किडामुंगीला धक्का नाही. तरी घरात दुनळी बंदूक होती. उसात डुकरं येतात म्हणून आप्पांच्या वडिलांनी परवाना काढलेला. ती फक्त हवेत वाजवायची, डुकरं पळवायला. आप्पांचे शाळासोबती दस्तगीर मुजावर फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि त्या बंदुकीला दुसरं काम मिळालं. सुभेदार पलटणीच्या संघातून तबकड्यांची नेमबाजी खेळलेले. येताना त्यांनी तबकडी फेकायचं एक जुनं स्प्रिंगचं यंत्र आणलं, ते खाणीच्या तोंडाशी बसवलं, आणि समोर अर्धगोल करून पाच दगड मांडले. प्रत्येक दगडावरून पाच तबकड्या. यंत्र एकच, पण दगड बदलला की तबकडीची वाट बदलायची. पहिल्या दगडावरून ती पाठ फिरवून दूर जाणारी. तिसऱ्यावरून डोळ्यांसमोरून आडवी. पाचव्यावरून थेट डोक्यावरून येऊन उसाकडं उतरणारी.

तबकड्या मी घरीच ओतायची. डांबर, चुन्याची पूड आणि लोहारानं करून दिलेला साचा. पूड मी दोनदा चाळून घ्यायची, न जाणो एखादा जीव असेल. सुकल्यावर शेंदरी रंगाचा हात. उपड्या पणतीसारख्या दिसायच्या. सुभेदार त्यांना पाखरं म्हणायचे. आप्पांनी तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. ते पणतीच म्हणायचे.

सुभेदारांनीच मला पहिल्या दिवशी नियम सांगितला होता. डोळ्याला दिसेल असा निदान एक तुकडा निघायला हवा, तर ती फुटली. नुसती धूळ उडाली तर चुकली. छर्रा लागलेला असला तरी चुकली.

पंच म्हणून मला बसवलं तेही त्यांनीच. मी एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, आर्यिका माताजींसमोर, आमच्या साध्वींसमोर, खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं होतं, हे त्यांना कळलं होतं. म्हणायचे, असा पंच फौजेतसुद्धा मिळाला नसता. रोज विचारायचे, सूनबाई, आज काय सोडलं? मी सांगायची, आज गूळ. आज दही. आज गावाच्या शिवेबाहेर जाणं. ते हसून म्हणायचे, बरं झालं, माळ शिवेच्या आत आहे.

आता आत्तींचं सांगायला हवं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना हा खेळ मान्य नव्हता. पिठाचा कोंबडा करून कापला तरी मारायचा भाव मनात येतोच, आणि भावालाच पाप लागतं, असं त्यांनी देवळात ऐकलेलं. सुरुवातीच्याच उन्हाळ्यात त्यांनी आप्पांना विचारलं, ही बंदूक घरातून कधी जाणार? आप्पा म्हणाले, एका दमात पंचवीसच्या पंचवीस फोडल्या की त्याच दिवशी ठाण्यात जमा करतो. आत्ती तेव्हा आंबा पिळत होत्या. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, मग तोवर मला आंबा वर्ज्य.

त्याला नऊ उन्हाळे झाले होते. आत्तींना आंबा किती आवडायचा ते गल्लीला माहीत होतं. तरी दर उन्हाळ्यात त्याच आमरस काढायच्या, सगळ्यांना वाढायच्या, आणि स्वतः ताकभात खायच्या. रागानं नव्हे. व्रत म्हणून. फक्त आम्ही माळावरून परत आलो की दारातच विचारायच्या, “किती?” आणि ते मला विचारायच्या, आप्पांना नाही. चार वेळा मी त्यांना चोवीस असं सांगितलं होतं.

आदल्याच दिवशी माझ्या भावानं रत्नागिरीहून हापूसची पेटी पाठवली होती. घरभर वास भरला होता. आणि त्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं होतं, की काचबिंदू आता मागं हटणार नाही. दोन्ही बाजूंनी कुणी पडदा ओढत आणावा तसं झालं होतं त्यांना. मधे नळीएवढा उजेड शिल्लक होता. पावसाळ्यानंतर तोही राहील असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

म्हणजे त्या सकाळी माळावर आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. फोडल्या तर आज, नाहीतर मग नाही.

उजाडत होतं. खाली उसाच्या पाटांवरून पांढुरकी वाफ उठत होती, आणि तिच्या पलीकडं नदी आहे की नुसता उजेडच वाकून चाललाय ते कळत नव्हतं. टिटवी एकदा ओरडून गप्प झाली. सुभेदार खाली खाणीत यंत्राची दोरी धरून बसले होते. आप्पा पहिल्या दगडावर उभे राहिले. धोतराचा सोगा खोचलेला, डोक्याला टोपी, बंदूक खांद्याला. त्यांनी डोळे मिटले. आधी ते असं करत नसत.

मग म्हणाले, “सोड.”

खाणीतून स्प्रिंगचा टणत्कार आला, त्यांनी डोळे उघडले, आणि ती शेंदरी पणती आभाळात कुठं असायला हवी हे त्यांच्या खांद्याला डोळ्यांच्या आधी कळलं. नऊ वर्षांची वाट होती ती. आवाज झाला. तबकडीची फुलं झाली आणि सावकाश खाली आली. मी एक चिंचोका उचलला.

मला तो खेळ फार आवडायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोनदा आप्पांनी माझ्याही हातात बंदूक दिली होती. पहिल्यांदा मी डोळेच मिटले. दुसऱ्यांदा तबकडी तिसऱ्या दगडासमोरून आडवी निघाली, मी तिच्या थोडं पुढं बघितलं, जिथं ती अजून पोचलेली नव्हती तिथं, आणि ती तिथं येऊन फुटली. कुणी मेलं नव्हतं. कुणाला लागलं नव्हतं. आभाळाला एक शेंदरी ठिपका पडला आणि पुसला गेला, आणि मला आतून एवढं हलकं वाटलं की त्या दिवशी सामायिकाला, ध्यानाला, बसले तरी तोच ठिपका दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून मी तूप सोडलं. पण पस्तावले होते असं म्हणणं खोटं होईल.

तर त्या सकाळी पहिल्या दगडावरच्या पाचही फुटल्या. दुसऱ्यावरच्या पाच. सुभेदार एरवी खाणीतून काहीबाही बोलायचे, देवगोंडा, तुझ्या बंदुकीला चष्मा लाव, वगैरे. त्या दिवशी गप्प होते. दोरी ओढायचे आणि तबकडी फुटली की नुसतं खाकरायचे. ऊन वर आलं. तिसरा दगड झाला, चौथा झाला. आप्पा दगडावरून दगडाकडं जाताना पायानं जमीन चाचपत होते, पण बंदूक खांद्याला लागली की तरणे होत होते. मला वाटत होतं हे सगळं पाण्याखाली चाललंय. आवाजसुद्धा लांबून येत होता. माझ्या उजव्या वाटीत वीस चिंचोके झाले, मग एकवीस, बावीस. तेवीस. चोवीस.

डाव्या वाटीत एकच उरला.

आप्पांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. माझ्याकडं वळले. मला बघत नव्हते, मी असते त्या दिशेला बघत होते.  मग समोर वळून म्हणाले, “सोड.”

ती डोक्यावरून आली. मागं सूर्य होता. आप्पांनी तिला थोडं जास्तच पुढं जाऊ दिलं. आवाज झाला आणि तबकडीभोवती धूळ उडाली, कणकेचा हात झटकावा तेवढी. त्या धुळीतून ती अख्खी बाहेर पडली, किंचित डोलली, आणि उसाच्या कडेच्या गवतात उतरली.

“फुटली,” खाणीतून सुभेदार म्हणाले. वर चढून येतानाच म्हणत होते. “फुटली रे देवगोंडा. पंचवीस. मी बघितली.”

आप्पा हलले नाहीत. “प्रभा?”

तो शेवटचा चिंचोका माझ्या बोटांत होता. मी एवढंच सांगते, की मला त्या वेळी आत्तींचे हात दिसले, गवतात आंबे पालटणारे, आणि त्यांना येणारा वास मलाही आला, तिथं, माळावर. एक शब्द तर होता. सुभेदारांनी तो आधीच बोलून ठेवला होता. मला नुसतं हो म्हणायचं होतं, आणि आप्पांना तर माझा चेहराही दिसला नसता.

“धूळ उडाली, आप्पा,” मी म्हणाले. “तुकडा नाही दिसला.”

मी चिंचोका जमिनीवर ठेवला.

सुभेदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते माझ्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. पण चेहरा लाल झाला होता. “सूनबाई, चार खेपा यानं जाणून चुकवली तर तुम्ही मुकाट चोवीस मांडलेत. आज बिचाऱ्यानं खरोखर मारली, तर नाही म्हणता?”

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हटलं, “जाणून?”

सुभेदारांनी तोंडावर हात ठेवला. पण आता बोलून झालं होतं.

आप्पांनी बंदूक उघडली, रिकामी काडतुसं काढून खिशात टाकली, आणि चाचपत माझ्या शेजारच्या दगडावर बसले. 

“तिसऱ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा,” ते म्हणाले. “चोवीस झाल्या आणि पंचविसावी उडाली. मला माहीत होतं लागणार. अन् मनात आलं, ही फुटली की संपलं. उद्या सकाळी मी इथं यायचं नाही. नळी जरा वर घेतली. म्हटलं, एवढी एक बारी. मग परत तसंच झालं. मग परत.”

“आणि मी घरी जाऊन सांगितलं, चुकली म्हणून.”

“चुकलीच होती. तू खोटं बोलली नाहीस. खोटं मी बोललो, तुझ्या तोंडानं.” त्यांचा हात दगडावरून पुढं सरकला आणि रिकाम्या वाटीवर थांबला. “तुला पहिल्यापासून सांगत आलो, दिसलं तेवढंच सांग. कारण जे दिसत नव्हतं ते मला दडवायचं होतं. पण आज नेम धरला होता, पोरी. आज पुरा नेम धरला होता.”

“म्हणून तर म्हणतोय,” सुभेदार म्हणाले. “लागली होती.”

“मग सापडेल,” आप्पा म्हणाले.

मी उठले. आम्हां जैनांना चालताना चार हात पुढची जमीन बघत चालायची सवय असते, पायाखाली काही येऊ नये म्हणून. त्या सवयीनंच मला ती सापडली. उसाच्या बांधाला, वाळल्या गवतात, उताणी पडली होती. काठावरचा रंग खरवडला होता. मी ती उचलून उजेडात धरली, तर तिच्या पोटातून ऊन आलं. दोन बारीक भोकं. छर्रे आरपार गेले होते आणि तबकडी अख्खी होती.

ती आप्पांच्या हातात दिली. त्यांनी बोटाच्या टोकानं आधी एक भोक शोधलं, मग दुसरं. सुभेदार बघत होते. त्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं. एवढंच म्हणाले, “काय माणूस आहेस.”

“चोवीस,” आप्पा म्हणाले. “पंच म्हणेल ते खरं.”

 घरी येताना माझ्या मनात सारखं येत होतं, की आत्ती दारात विचारतील आणि मी पुन्हा तेच सांगेन, अगदी खरं, आणि ते पहिल्या चार वेळेसारखंच असेल.

आत्ती पडवीत पेटी उघडून बसल्या होत्या. पिकलेले एकीकडं, अढीत ठेवायचे दुसरीकडं.

“किती?”

“चोवीस,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुढचा आंबा हातात घेतला. मी आत जायला वळले, पण आप्पा आत गेले नाहीत. त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि आत्तींच्या समोर, खाली, पेटीतून काढलेल्या गवतावरच बसले. नऊ वर्षांत ते त्या पेटीच्या एवढ्या जवळ कधी बसले नव्हते. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून. नळी वर कशी घेतली ते. मी उंबऱ्यात उभी होते. आत जावं की नाही ते मला सुचत नव्हतं.

आत्तींचे हात थांबले नाहीत. एकेक आंबा उचलून देठाशी दाबून बघत होत्या.

“म्हणजे दोन उन्हाळे माझे,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि सात तुमचे.”

“सात माझे.”

“कशापायी?”

 “बरं वाटायचं,” आप्पा म्हणाले. “सोड म्हटलं की ती उडते. अजून फुटलेली नसते. तेवढ्यात... तेवढ्यात बरं वाटायचं. मारायचं म्हणून नाही. ती उडतेय आणि आपण बघतोय, एवढंच.”

त्यांनी खिशातून तबकडी काढून आत्तींच्या पुढं धरली. आत्तींनी पदराला हात पुसले, ती घेतली, उलटीपालटी केली. मग माझ्यासारखीच उजेडात धरली. त्यांच्या गालावर दोन ठिपके पडले.

“एकदा दाखवायला तरी न्यायचं होतंत मला,” त्या म्हणाल्या.

 आत्तींनी तबकडी पेटीच्या झाकणावर ठेवली आणि पुन्हा आंब्यांकडं वळल्या. त्या दिवशीही त्यांनी आमरस सगळ्यांना वाढला आणि स्वतः ताकभात खाल्ला. पंचवीस झालेल्या नव्हत्या. मी विचारायला गेले नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण आमच्या दोघींमध्ये ते स्पष्ट होतं. चोविसावर त्या आंबा खाणार नव्हत्या आणि माझ्या तोंडून आलेल्या खोट्या पंचविसावर खाल्ला असता तर तो त्यांना गोड लागला नसता.

तबकडी अजून माझ्याकडं आहे. देवघराच्या खिडकीत ठेवलेली असते. सकाळी आठच्या सुमाराला तिच्यातून दोन कवडसे भिंतीवर येतात आणि मी जप संपवेपर्यंत चौरंगापर्यंत उतरतात.

माळावरच्या त्या सकाळच्या दुसऱ्या दिवशी मी देवळातून आले तेव्हा आप्पा अंगणात उभे होते. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, जणू पंचकल्याणकाच्या पूजेला निघालेत. बंदूक त्यांनी रात्रीच तेल देऊन पुसून ठेवली असावी. तिच्यावर जुन्या चादरीची शिवलेली पिशवी होती. परवान्याचं पुस्तक सदऱ्याच्या खिशात. सुभेदार एसटीच्या थांब्यावर येणार होते.

आत्ती बाहेर आल्या. पिशवीकडं बघितलं. “पंचवीस तर नाही झाल्या,” म्हणाल्या.

“चार वेळा झाल्या होत्या,” आप्पा म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

 आत्ती आत गेल्या. मला मोरीवर घागर वाजल्याचं ऐकू आलं, पाणी ओतल्याचं, आणि मग पाण्यात काहीतरी जड, गोल, अलगद सोडल्याचा आवाज. एक. थोड्या वेळानं दुसरा. खायच्या आधी आंबा पाण्यात घालतात तसा. आत्ती गाळलेल्या पाण्यातच घालायच्या.

आप्पांनीही तो ऐकला. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि हात माझ्या दिशेनं पुढं केला. मी मनगट त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवशी शिवेबाहेर न जाण्याचा नियम मी घेतला नव्हता. देवळात उभी असताना का कुणास ठाऊक, मी फक्त मीठ सोडलं होतं.

“चल,” आप्पा म्हणाले. “दिसेल ते सांगत चल.”

“पायरी आहे, आप्पा,” मी म्हणाले. “आणखी एक. आता वाट सरळ आहे. डावीकडं आपल्याच म्हशी बांधल्यात. वर आभाळ अगदी मोकळं आहे.”